लाखो बिया टाकणारे ऑर्किड दुर्मीळ आणि सहा पिल्ले देणारा उंदीर सर्वत्र, असे का?

कुतूहल (धागाकर्ता)

नमस्कार. गेले काही आठवडे एक हिशोब डोक्यात घोळतो आहे आणि तो काही केल्या जुळत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

घरात वावरणाऱ्या उंदराची मादी एका वेताला साधारण पाच ते आठ पिल्ले देते. गर्भकाळ १९ ते २१ दिवसांचा असतो आणि वर्षाला पाच ते दहा वेते होऊ शकतात. म्हणजे सगळे सुरळीत पार पडले तरी एका मादीची वर्षभराची पिल्ले चाळीस-पन्नासाच्या आसपास भरतील. आता ऑर्किडकडे पाहा. डार्विनने १८६२ मधल्या आपल्या ऑर्किडवरील ग्रंथात ठिपकेदार ऑर्किडच्या एका रोपावरच्या बियांचा हिशोब मांडला आणि तो आकडा १,८६,३०० आला. त्याने पुढे असेही दाखवले, की खराब बिया वगळून उरलेली प्रत्येक बी रुजली तर पहिल्या पिढीतच एक एकर जमीन झाकली जाईल आणि त्या रोपाची पणतवंडे पृथ्वीवरचा जवळजवळ सगळा भूभाग हिरव्या गालिच्याने मढवतील. काही उष्ण कटिबंधीय जातींच्या तर एकेका शेंगेतच दहा लाखांहून अधिक बिया असतात.

असे असूनही उंदीर अंटार्क्टिका वगळता सर्व खंडांवर आहे, तर ‘लेडीज स्लिपर’ नावाचे पिवळ्या पिशवीचे ऑर्किड ब्रिटनमध्ये १९१७ मध्ये नामशेष ठरवले गेले होते आणि १९३० मध्ये यॉर्कशायरमध्ये त्याचे केवळ एक रोप सापडले. त्या एका रोपाची जागा कित्येक दशके गुप्त ठेवून त्यावर पहारा ठेवावा लागला.

माझे मत स्पष्ट सांगतो. ऑर्किड हा उत्क्रांतीने अति लाडावलेला जीव आहे. ठरावीक कीटक, ठरावीक बुरशी, ठरावीक माती असे सगळे हट्ट पुरवले गेले तरच तो जगतो. उंदीर कशावरही भागवतो. त्यामुळे एकाचे दुर्मीळ होणे आणि दुसऱ्याचे बोकाळणे यात दैवाचा भाग नसून ज्याच्या त्याच्या स्वभावाचा आहे. आपल्याला काय वाटते?

शंकासुर

आपण पहिल्याच परिच्छेदात एवढा डोंगर पोखरला आहे, की शेवटी उंदीरच निघणार हे ठरलेले दिसते.

पिंपळपान

हिशोब न जुळण्याचे कारण असे, की आपण बी आणि पिल्लू या दोन्हींना एकेक नग धरले आहे. ऑर्किडची बी म्हणजे धूळ असते. तिचे वजन बहुतेक जातींत एक-दोन मायक्रोग्रॅमच्या आसपास असते आणि तिच्यात भ्रूणपोष नसतो, म्हणजे कोवळ्या अंकुरासाठी आईने बांधून दिलेली शिदोरीच नसते. उंदराचे नवजात पिल्लू साधारण एक ग्रॅमचे असते. एका पिल्लाच्या तोलाला सुमारे दहा लाख बिया लागतील. वीस-पंचवीस ग्रॅमची मादी सहा पिल्ले जन्माला घालते तेव्हा ती स्वतःच्या वजनाच्या जवळपास चौथ्या हिश्शाएवढा ऐवज बाहेर काढते आणि त्यावर पुढचे तीन आठवडे दूध पाजते. अशा तऱ्हेने पाहिले तर उंदीर हा कंजूष आणि ऑर्किड उधळे, ही कल्पनाच उलटी पडते.

शिदोरी नसलेली ही बी रुजते कशी, हे बराच काळ कोडे होते. फ्रान्समधल्या नोएल बर्नार्ड यांनी १८९९ मध्ये पक्षिघरटे ऑर्किडची उगवती रोपे तपासली तेव्हा त्या प्रत्येकात बुरशीचे धागे शिरलेले त्यांना आढळले. बीला योग्य बुरशी भेटली, तर त्या बुरशीने मातीतून आणलेल्या अन्नावर तिचा एक बारीक गोळा तयार होतो. त्याला प्रोटोकॉर्म म्हणतात. त्याला ना पान असते ना मूळ, आणि कित्येक जातींत तो महिनेच काय, वर्षेही तसाच मातीत राहतो. थोडक्यात, उंदीर दूध पाजतो आणि ऑर्किड आपले मूल दाईच्या दारात सोडून देते. दारे थोडी आणि बाळे लाखो, म्हणून बहुतेक बाळे मरतात.

बाटलीबाग

पिंपळपान यांनी लिहिले ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, म्हणून थोडी भर घालतो. मी हौसेने काचेच्या बाटल्यांत ऑर्किडची बी रुजवतो. लुइस नडसन यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले, की साखर आणि क्षार घातलेल्या अगारच्या (समुद्रशेवाळापासून केलेल्या जेलीच्या) थरावर ही बी बुरशीवाचूनही रुजू शकते. आज विकली जाणारी बहुतेक ऑर्किडे त्या शोधाच्या वाटेनेच आलेली आहेत. एक बोंड फोडून पांढऱ्या कागदावर झटकले तर पिवळसर पावडर पडते. मी पहिल्यांदा ती भिंगाखाली पाहिली तेव्हा प्रत्येक कणाभोवती जाळीदार पारदर्शक पिशवी आणि मधोमध इवलासा ठिपका दिसला. ती पिशवी हवेने भरलेली असल्यामुळेच बी वाऱ्यावर दूरवर तरंगते. त्या वेळी मला शिंक आली आणि एका ऑर्किडची अख्खी पुढची पिढी खोलीभर पसरली.

अनुस्वार

विषयाला धरूनच, पण शब्दांबद्दल दोन गोष्टी. एक, ऑर्किडच्या फळाला धागाकर्त्यांनी शेंग म्हटले आहे. वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत ती शेंग नसून बोंड आहे, आणि बाटलीबाग यांनी तो शब्द बरोबर वापरला आहे. आपल्या परिभाषेत या कुलालाच आमर कुल म्हणतात, हेही जाता जाता नोंदवतो. दोन, मराठीत ‘उंदीर’ हा शब्द फार ऐसपैस आहे. वीस ग्रॅमचा पिटुकला आणि त्याच्या दहापटीहून जड असा गटारातला, दोघांनाही आपण उंदीरच म्हणतो, घुशीला मात्र वेगळे नाव देतो. आणि चिचुंद्रीला उंदरांत जमा करतो, जी कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातच नाही. या धाग्यावर मस मस्क्युलस, म्हणजे तो पिटुकलाच, अभिप्रेत आहे असे धरून चालूया. अन्यथा पन्नासाव्या प्रतिसादाला कोणीतरी घूस आणेल.

शंकासुर

पिंपळपान, आपले दाईचे रूपक गोड आहे, पण खोटे आहे. ऑर्किडच्या पेशींत बुरशीचे धागे गुंडाळ्या करून बसतात आणि काही दिवसांनी पेशी त्या गुंडाळ्या पचवून टाकते. पुन्हा नवे धागे शिरतात, पुन्हा पचवले जातात. ही कसली दाई? ही तर पूतना झाली, जिच्या दुधाबरोबर बाळ तिचा प्राणही ओढून घेते. फरक इतकाच, की इथे विष कोणी पाजायला आले नव्हते.

पिंपळपान

मान्य. दाई मागे घेतो. पण बुरशीला काहीच मिळत नाही असेही सरसकट म्हणता येणार नाही. हिरवी पाने आल्यावर काही ऑर्किडे बुरशीला साखर परत देतात, असे प्रयोगांत दिसले आहे. उधारी उशिरा फेडणारे कूळ म्हणा हवे तर.

प्रयोगवही

मी काही वर्षे प्रयोगशाळेत उंदीर सांभाळले आहेत, त्या अनुभवावरून धागाकर्त्यांच्या मूळ हिशोबाबद्दल लिहितो.

पिल्लू जन्मते तेव्हा गुलाबी, केसविरहित आणि आंधळे असते. त्याच्या पातळ कातडीतून पोटातले दूध पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते, आणि सकाळी तो ठिपका दिसला की पिल्लू पिते आहे याची खात्री पटते. डोळे चौदाव्या दिवसाच्या सुमारास उघडतात, एकविसाव्या दिवशी त्याला आईपासून वेगळे करता येते आणि सहा-सात आठवड्यांत ते स्वतः आई किंवा बाप होण्याजोगे होते. मादी व्यायल्यानंतर एका दिवसाच्या आत पुन्हा गाभण राहू शकते. नोंदवहीत हे सगळे लिहीत गेले की मोकळ्या पिंजऱ्यांची चणचण आपोआप जाणवू लागते.

पण पिंजऱ्यात दोन वर्षांहून अधिक जगणारा हाच प्राणी बाहेर बहुधा वर्षही काढत नाही. थंडी, उपासमार, मांजर, घुबड, साप आणि इतर उंदीर असे त्याचे वैरी पुष्कळ. आता मुद्दा असा. कोणत्याही जातीची संख्या वर्षानुवर्षे साधारण तेवढीच राहत असेल, तर प्रत्येक मादीमागे सरासरीने दोनच पिल्ले मोठी होऊन पुढे प्रजा वाढवतात, बाकीची मरतात. ऑर्किडच्या प्रत्येक रोपामागेही दीर्घ मुदतीत सरासरीने एकच रोप उरते. मग जन्म सहा असोत की सहा लाख, त्यावरून जात दुर्मीळ की विपुल हे ठरत नाही. जन्मसंख्या आपल्याला मृत्यूचे प्रमाण सांगते. जागा किती आहे हे ती सांगत नाही. धागाकर्त्यांनी जन्मांची वही उघडून शिरगणतीचे उत्तर शोधले आहे, आणि हिशोब तिथेच अडला आहे.

साधा_वाचक

प्रयोगवही यांचा प्रतिसाद दोनदा वाचला तेव्हा कुठे उलगडला. आभार.

हरितलवक

लाखो बियांचे गृहीतकही सर्व ऑर्किडांना लागू पडत नाही, आणि ज्याला ते लागू पडत नाही ते ऑर्किड दुर्मीळांतले दुर्मीळ आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील कोरिगिन परिसरात जॅक ट्रॉट नावाच्या शेतकऱ्याला १९२८ मध्ये जमिनीतली एक चीर आणि तिथून येणारा गोड वास जाणवला. उकरल्यावर जमिनीखाली उमललेले फूल निघाले. त्याचे नाव रायझँथेला गार्डनेरी. ही वनस्पती उगवते, वाढते, फुलते आणि फळते ती जमिनीखालीच, आणि आज तिची माहीत असलेली रोपे काही डझनांच्या घरात आहेत. तिला हिरवे पान नाही आणि ती प्रकाशसंश्लेषण करीत नाही. मेलाल्युका प्रजातीच्या एका झुडपाच्या मुळांशी नाते असलेल्या बुरशीवर ती जगते, त्यामुळे झुडपाने उन्हात बनवलेली साखर बुरशीमार्फत तिच्यापर्यंत पोहोचते. संशोधकांनी झुडपाला खूण केलेला कार्बन देऊन तो ऑर्किडमध्ये पोहोचल्याचे दाखवलेही आहे. तिच्या हरितलवकाचा (हिरव्या वनस्पतींत प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशीघटकाचा) जनुकसंच २०११ मध्ये वाचला गेला तेव्हा त्यात जेमतेम ३७ जनुके उरलेली आढळली. हिरव्या वनस्पतींत ती शंभराहून अधिक असतात.

तर, हिची बी धुळीसारखी नाही. फळ मांसल, बिया मोजक्या आणि टणक. वारा तिथे पोहोचत नसल्यामुळे कोणीतरी ते फळ उकरून खावे आणि बिया दूर टाकाव्यात, अशी ही रचना असावी, आणि पूर्वी हे काम छोटे शिशुधानी (कांगारूसारखे पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणारे) प्राणी करीत असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. ते प्राणी त्या भागातून बहुतांशी नाहीसे झाले आहेत. म्हणजे या धाग्याचे शीर्षक ज्या ऑर्किडला सर्वांत जास्त शोभले असते, त्याने लाखो बियांचा मार्ग केव्हाच सोडला आहे आणि त्याच्या दुर्मीळतेत एका लहान सस्तन प्राण्याची अनुपस्थितीही असू शकते.

कुतूहल

हरितलवक, हे मला ठाऊक नव्हते. पण यातून माझेच म्हणणे बळकट होत नाही का? झुडूप हवे, बुरशी हवी, फळ खाणारा प्राणी हवा. तीन खांबांवर घर बांधले तर एक खांब पडताच ते कोसळणार, आणि त्याचा दोष घर बांधणाऱ्याकडेच जातो.

निशाचर

कुतूहल, तो खांब पाडला कोणी, हेही पाहा. कोरिगिन जिथे आहे तो भाग पश्चिम ऑस्ट्रेलियाचा गव्हाचा पट्टा म्हणून ओळखला जातो. विसाव्या शतकात तिथली झुडपी राने मोठ्या प्रमाणावर तोडून गव्हाची शेते केली गेली आणि मेलाल्युकाची झुडपे तुकड्या-तुकड्यांत उरली. भूमिगत ऑर्किडचे घर गेले ते असे. गहू आला तसा उंदीरही आला. तो मुळात ऑस्ट्रेलियाचा नाहीच. युरोपीय वसाहतवाल्यांच्या जहाजांतून उतरला. आज ऑस्ट्रेलियाच्या धान्य पिकवणाऱ्या पट्ट्यांत अधूनमधून उंदरांचे अक्षरशः लोंढे येतात, २०२१ मध्ये पूर्वेकडच्या न्यू साउथ वेल्समध्ये आलेला लोंढा बातम्यांत गाजला होता.

एकाच नांगराने एका जिवाचे छप्पर काढले आणि दुसऱ्याचे ताट वाढले. यात ऑर्किडचा हट्ट किती आणि उंदराचे कर्तृत्व किती, हे ठरवताना मी तरी घाई करणार नाही. गहू नसता आणि रान असते, तर आपण कदाचित ‘उंदीर इतका दुर्मीळ का’ असा धागा वाचत असतो.

शंकासुर

निशाचर यांचा मुद्दा चांगला आहे, पण संपूर्ण चर्चेलाच माझा एक आक्षेप आहे आणि तो मघाच्या विनोदापेक्षा गंभीर आहे.

तुलना करण्यासाठी आपण ऑर्किडांतले सर्वांत दुर्मीळ निवडले आणि सस्तन प्राण्यांतला सर्वांत बोकाळलेला निवडला. मग निष्कर्ष ठरलेलाच. ऑर्किड कुलात सुमारे २८,००० जाती आहेत, कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणात सुमारे २,५००. जातींच्या संख्येला यश मानले तर ऑर्किडने उंदराच्या अख्ख्या गणाला दहापटींनी मागे टाकले आहे. शिवाय कृंतकांतही एखाद्याच बेटावर किंवा एखाद्याच डोंगररांगेत उरलेल्या जाती पुष्कळ आहेत, त्यांना आपण बोलावलेच नाही.

आता उलट बाजू. एपिपॅक्टिस हेलेबोरीन हे मूळचे युरोप-आशियातले ऑर्किड १८७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा आढळले आणि आज उत्तर अमेरिकेत ते बागांत, रस्त्यांच्या कडेला, फरशीच्या फटींत उगवते. काही ठिकाणी लोक ते तण म्हणून उपटतात. दक्षिण आफ्रिकेतले डिसा ब्रॅक्टिएटा तर चक्क पश्चिम ऑस्ट्रेलियात पसरले आहे, म्हणजे ज्या राज्यात भूमिगत ऑर्किड काही डझन उरले आहे, त्याच राज्यात दुसरे एक ऑर्किड तण झाले आहे. मग ‘ऑर्किडचा स्वभाव’ म्हणजे यातला नेमका कोणाचा?

आणि दुर्मीळ हा शब्दही एकच एक नाही. डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ मध्ये त्याची फोड करून दाखवली होती. जातीचा पसारा केवढा, तिला अधिवास किती नेमका लागतो आणि जिथे ती आढळते तिथे तिची संख्या किती, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले तर दुर्मीळतेचे सात प्रकार पडतात. आपले लेडीज स्लिपर ब्रिटनमध्ये एका रोपावर आले होते, पण युरोपपासून पूर्व आशियापर्यंत त्याचा पसारा प्रचंड आहे. रायझँथेलाचा पसाराच मूठभर आहे. या दोघांना एकाच गोणीत घालणे हे अनुस्वार यांच्या घूस आणि चिचुंद्रीसारखे झाले.

अनुस्वार

माझी घूस अखेर आणलीच. पन्नासाव्या प्रतिसादापर्यंत थांबायचे होते.

पिंपळपान

शंकासुर यांच्या तणांच्या उदाहरणांतूनच उत्तराचा एक धागा हाती लागतो. डिसा ब्रॅक्टिएटा स्वतःचे परागीभवन स्वतः करते, कीटकाची वाट पाहत नाही, आणि बुरशीच्या बाबतीतही ती फार निवड करीत नाही. एपिपॅक्टिसलाही अनेक बुरशी चालतात आणि गांधीलमाश्यांसारखे सर्रास आढळणारे कीटक तिचे काम करतात. याउलट लेडीज स्लिपरचे फूल लहान रानमाशीला पिशवीत पाडते आणि मागच्या अरुंद वाटेनेच बाहेर सोडते, म्हणजे जाताना ती आधी कुक्षीला, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या भागाला, घासते आणि मग पराग अंगाला लावून घेते. बदल्यात मध देत नाही. फसलेली माशी दुसऱ्यांदा कशाला येईल, म्हणून फळधारणा कमी. तरीही हा सौदा हजारो वर्षे पुरला. ब्रिटनमध्ये ते एका रोपावर आले त्याला मुख्यतः खुडून नेणारे आणि मुळासकट उपटून नेणारे संग्राहक कारणीभूत होते. कोणी मूठभर उंदीर हौसेने उपटून नेले म्हणून ते नामशेष झाल्याचे ऐकिवात नाही.

साधा_वाचक

तिथेच तर सगळे आले. सुंदर असणे ऑर्किडला भोवले. उंदराचे फोटो काढायला पहाटे रांगत जाणारा कोणी मला भेटलेला नाही.

प्रयोगवही

सौंदर्याबद्दल उंदराच्या वतीने एक हरकत नोंदवतो. नर उंदीर मादीचा वास आला की गातो. हे गाणे मनुष्याच्या कानाच्या मर्यादेपलीकडच्या उच्च कंप्रतेचे असल्यामुळे आपल्याला ऐकू येत नाही, पण ध्वनिमुद्रण करून सूर खाली आणले तर त्यात पक्ष्यांच्या गाण्यासारखी ठरावीक तुकड्यांची पुनरावृत्ती आढळते, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. मी ते मुद्रण ऐकले आहे आणि त्यानंतर शांत पिंजऱ्यांकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. कोणाला दिसत नाही असे फूल आणि कोणाला ऐकू येत नाही असे गाणे, यांपैकी दुर्मीळ कोणाला म्हणायचे?

निशाचर

धाग्यात दोघांना आमनेसामने उभे केले आहे, पण रानात त्यांची गाठ प्रत्यक्षही पडते. डार्विननेच १८५९ मध्ये अशी एक साखळी सांगितली होती, की जिथे मांजरे जास्त तिथे शेतातले उंदीर कमी, उंदीर कमी म्हणून बंबलबी या केसाळ माश्यांची घरटी शाबूत, आणि म्हणून लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या वनस्पतीला बी भरपूर. आता क्लोव्हरच्या जागी बंबलबीवर अवलंबून असलेले एखादे ऑर्किड ठेवा. उंदीर घरटी लुटतो म्हणून तो ऑर्किडचा शत्रू ठरतो. मात्र बंबलबीच्या राण्या पुष्कळदा उंदरांनी सोडलेल्या बिळांतच घरटे मांडतात, त्यामुळे उंदीर अजिबात नसले तरी माश्यांची अडचणच. शिवाय उंदीर ऑर्किडचे कंद कुरतडतो ते वेगळेच. एकाच प्राण्याकडे चोर, घरमालक आणि गिऱ्हाईक अशा तिन्ही भूमिका आहेत. अर्थात हे शेतात राहणाऱ्या उंदरांबद्दल आहे. आपला घरातला पिटुकला या साखळीत क्वचितच येतो.

हरितलवक

घरातल्या पिटुकल्याविषयी एक गोष्ट सांगतो. कुतूहल यांनी ‘उंदीर कशावरही भागवतो’ असे म्हटले होते, त्या विधानाकडे मला परत यायचे आहे.

स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात सेंट किल्डा नावाचा बेटसमूह आहे. तिथे दोन प्रकारचे उंदीर होते, एक शेतातला आणि एक घरातला. घरातला इतका काळ वेगळा राहिला होता, की त्याची स्वतंत्र उपजात मानली जात असे. २९ ऑगस्ट १९३० रोजी बेटावरची शेवटची ३६ माणसे कायमची निघून गेली. घरे, भिंती, गवत, समुद्रपक्षी, सगळे जागच्या जागी राहिले. गेली ती फक्त माणसे. त्यानंतर अवघ्या दोनेक वर्षांत घरातला उंदीर तिथून नामशेष झाला. शेतातला उंदीर टिकला, आणि ओस पडलेल्या घरांत तोच जाऊन राहू लागला.

ज्या १९३० मध्ये यॉर्कशायरला ते एकुलते एक ऑर्किड सापडले, त्याच वर्षी ही माणसे बेट सोडून गेली, हा योगायोग मला फार दिवस छळतो आहे. त्या बेटावरच्या उंदरासाठी माणूस म्हणजे काय होता? रायझँथेलाला बुरशी असते तेच. पंधरा हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या पूर्वेला भटके लोक एका जागी वस्ती करू लागले तेव्हापासूनच उंदीर त्यांच्या आसऱ्याला आला, शेती सुरू होण्याच्याही आधी, असे तिथल्या उत्खननांत सापडलेल्या उंदरांच्या दाढांवरून दिसते. तेव्हापासून त्यानेही एकाच खांबावर घर बांधले आहे. फरक हा, की त्याचा खांब पृथ्वीभर हिंडतो, आणि जाताना त्याला बोचक्यात घेऊन जातो.

कुतूहल

हरितलवक, या प्रतिसादानंतर मला माझे ‘अति लाडावलेला जीव’ हे शब्द मागे घ्यावे लागतील. मी उंदराला स्वावलंबी समजत होतो. आता वाटते, की प्रश्न ‘कोण किती हट्टी’ असा न विचारता ‘कोणाचा आधार सध्या किती पसरला आहे’ असा विचारायला हवा होता. तरीही शीतगृहांत उणे दहा अंशांच्या आसपास गोठवलेल्या मांसात घरटे करून पिल्ले वाढवणारे उंदीर नोंदवले गेले आहेत, हे मी वाचले होते. एवढी लवचिकता ऑर्किडमध्ये कुठे आहे?

शंकासुर

शीतगृहही माणसाचेच होते ना?

बाकी आपले सुधारित मतही मला पूर्ण पटत नाही. आधार पसरला म्हणून उंदीर पसरला हे खरे, पण त्याच आधाराला टेकण्याची संधी इतर शेकडो कृंतकांनाही होती आणि त्यांतल्या मोजक्यांनीच ती साधली. म्हणजे स्वभावाचा वाटा शून्य नाही. चुकीच्या कारणांसाठी का होईना, आपला पहिला प्रतिसाद अर्धा बरोबर होता.

साधा_वाचक

बाटलीबाग यांना एक प्रश्न राहून गेला. शिंकेतून वाचलेल्या बियांचे पुढे काय झाले? बुरशीवाचून साखरेवर वाढवता येत असेल, तर दुर्मीळ ऑर्किडांचा प्रश्न बाटल्यांतच सुटायला हवा होता.

बाटलीबाग

काही प्रमाणात तो तसा सुटतोही. ब्रिटनमधल्या लेडीज स्लिपरची रोपे क्यू येथील वनस्पती उद्यानात अशाच पद्धतीने वाढवून रानात परत लावली गेली आहेत. पण बाटलीतून मातीत जाणे हा सर्वांत कठीण टप्पा असतो, कारण तिथे पुन्हा साखर कोणी देत नाही आणि योग्य बुरशी मातीत हवीच.

माझ्या बाटल्यांची हकीकत फारशी अभिमानास्पद नाही. शिंकेतून उरलेली बी मी चौदा बाटल्यांत पेरली होती. साखरेच्या अगारवर ऑर्किडच्या बीआधी हवेतली साधी बुरशी रुजते, आणि ती तीन दिवसांत सगळा थर व्यापते, जिथे प्रोटोकॉर्मला दिसू लागायलाच कित्येक आठवडे लागतात. त्यामुळे ज्या जिवाला बुरशीवाचून रानात जगताच येत नाही, त्याला बाटलीत बुरशीपासून वाचवण्यासाठी मी स्पिरिटने हात पुसत, श्वास रोखून बसतो. चौदांपैकी नऊ बाटल्या करड्या केसाळ बुरशीने भरल्या आणि टाकून द्याव्या लागल्या. उरलेल्या पाचांत साडेचार महिन्यांनी मोहरीहून बारीक हिरवे ठिपके आले आहेत. त्यांतल्या दोन बाटल्यांत काल पहिली टोकदार पाने दिसली.